तंजावरचे गीत आणि प्रभुभोजनाचे पात्र

नामपल्लीच्या रेल्वेस्थानकाकडून आबिदच्या चौकाकडे पायी निघालेल्या मनुष्याने थोडे कुतूहल बाळगून आजूबाजूस पाहिले, तर अर्ध्या-पाऊण कोसाच्या टापूत ख्रिस्ती उपासनेचे निरनिराळे प्रवाह शेजारी शेजारी वाहत असलेले त्यास दिसतात. गनफाउंड्रीच्या सेंट जोसेफ कॅथेड्रलात वेदीवरील मिस्सा हा रोजचा विधी आहे; चॅपल रोडच्या आसपास ज्यांच्या शाळा आणि मंडळ्या निजामी अमदानीपासून नांदत आल्या, त्या मेथडिस्टांत प्रभुभोजन बहुधा महिन्याच्या पहिल्या रविवारी होते; आबिद रोडवरील सेंट जॉर्ज देवळात अँग्लिकन वळणाची छापील प्रार्थनापद्धती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली; आणि 1956 साली भाषावार राज्यरचना झाल्यानंतर गुंटूर, राजमहेंद्रीच्या बाजूने चाकरीनिमित्त राजधानीत आलेल्या तेलुगू कुटुंबांनी आपल्याबरोबर लूथरपंथाची उपासनाही या शहरात आणली. भाकर तीच, द्राक्षारस तोच, उच्चारावयाची वचनेही तीच. परंतु ती किती वेळा घ्यावी, कोणत्या गीताच्या साथीने घ्यावी आणि कोणी कोणाच्या मागून घ्यावी, या तीन प्रश्नांवर या मंडळ्यांच्या पूर्वजांनी शतकानुशतके वाद घातला आहे.

बाहेरच्यास हे प्रश्न क्षुल्लक वाटतात. आपल्याकडे एकादशीस काय खावे आणि पंगतीस कोणी कोठे बसावे यावरून ग्रामण्ये झाली, कुटुंबे वाळीत पडली आणि पुण्यासारख्या शहराचे दोन तट पडले, हे ज्यास ठाऊक आहे, त्या मराठी वाचकास मात्र ते क्षुल्लक वाटू नयेत. शिवाय लूथरपंथातील या वादाचा हिंदुस्थानातील सर्वांत तीव्र अध्याय घडला तो एका मराठी राजधानीत, भोसलेकुळातील राजाच्या छत्राखाली. आणि त्यातील मुख्य वादी त्याच राजाचा बालपणीचा सहाध्यायी होता. तंजावरच्या मराठ्यांचा इतिहास लिहिताना आपण सरस्वतीमहाल, नाटके आणि शिलालेख यांवर पुष्कळ लिहिले. या प्रकरणाकडे आपले लक्ष गेले नाही.

या वादाचे मूळ जर्मनीतील विटेनबर्ग गावी आहे. 1521 च्या नाताळात, लूथर वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून असताना, त्याचा सहकारी कार्लस्टाट याने धर्मगुरूची वस्त्रे बाजूस ठेवून जर्मन भाषेत विधी चालविला आणि शेकडो वर्षे जो प्याला केवळ धर्मगुरूंसाठी राखून ठेवलेला होता तो सामान्य जनांच्या हाती दिला. सुधारणा लूथरच्याच मताची होती. परंतु ती ज्या घाईने आणि सक्तीने होत होती तिने तो अस्वस्थ झाला, आणि मार्च 1522 मध्ये गावी परतून त्याने सलग आठ दिवस जी प्रवचने केली त्यांचा आशय असा की, बाह्य विधीच्या बाबतीत दुर्बळ मनाच्या बांधवास मागे टाकून पुढे धावणे हा प्रेमाचा भंग होय. पुढल्या वर्षी त्याने लॅटिन विधीची संशोधित पद्धती प्रसिद्ध केली, 1526 मध्ये जर्मन भाषेतील पद्धती छापली, आणि या दुसऱ्या पुस्तकाच्या आरंभीच बजावून ठेवले की, हिला कोणी कायदा समजू नये. दोन पद्धती एकाच वेळी चालू ठेवणारा हा पुरुष जुन्याचा अभिमानीही नव्हता आणि नव्याचा दुराग्रहीही नव्हता. लोकांनी आपल्या मुखाने आणि आपल्या भाषेत गावे, एवढाच त्याचा हट्ट होता, आणि 1524 पासून निघालेल्या गीतपुस्तकांनी तो पुरा केला.

किती वेळा, या प्रश्नाचे उत्तर त्याने असेच मोकळे ठेवले. रोमच्या मंडळीने 1215 च्या लॅटरन परिषदेत वर्षातून निदान एकदा, पुनरुत्थानाच्या सणास, प्रभुभोजन घेण्याचा दंडक घातला होता, आणि बहुसंख्य लोक तेवढ्यावरच भागवीत. झुरिच येथे झ्विंग्लीने 1525 मध्ये वर्षाचे चार दिवस ठरवून दिले. जिनिव्हात कॅल्व्हिनला दर आठवड्यास हा विधी हवा होता, परंतु नगरसभेने त्यास चारांवर आणून थांबविले. लूथरने आपल्या 1529 च्या लघु प्रश्नोत्तरीत आकडा सांगितला तो केवळ इशाऱ्यादाखल: जो वर्षातून चार वेळासुद्धा या मेजाकडे येत नाही त्याच्या श्रद्धेविषयी शंका घेण्यास जागा आहे, एवढेच तो म्हणतो. 1530 च्या आउग्सबुर्ग येथील कबुलीजबाबात त्याच्या अनुयायांनी सम्राटासमोर स्पष्ट सांगितले की, आमच्याकडे दर सणास, आणि घेणारे असतील तर इतर दिवशीही, हा विधी होतो. मात्र घेऊ इच्छिणाऱ्याने आधी पाळकाकडे नाव सांगावे आणि पाळकाने त्याची समज व आचरण पाहून मग त्यास प्रवेश द्यावा, असाही शिरस्ता होता. या पूर्वतयारीच्या शिरस्त्याचा पुढे असा परिणाम झाला की, अयोग्यपणे घेतल्यास दंड भोगावा लागेल या भयाने लोक मेजापासून दूर राहू लागले, आणि अठराव्या शतकात लूथरच्या स्वतःच्या मुलखात हा विधी वर्षातून मोजक्या वेळी होण्याइतका विरळ झाला. दार मोकळे ठेवण्यासाठी ज्याने आयुष्य वेचले त्याच्याच घरी उंबरठा उंच होत गेला.

आणखी एक सिद्धांत येथे सांगावयास हवा, कारण तंजावरच्या वादाची किल्ली त्यात आहे. शास्त्राने ज्या गोष्टींची आज्ञा केलेली नाही आणि निषेधही केलेला नाही, उदाहरणार्थ मेणबत्त्या, वस्त्रे, गायनाच्या चाली, सणांचे दिवस, त्या मध्यम कोटीतील मानाव्यात आणि प्रत्येक ठिकाणच्या मंडळीने आपल्या सोयीने ठरवाव्यात, असे लूथरपंथ मानतो. 1548 मध्ये सम्राटाने जुने विधी बळाने लादू पाहिले, तेव्हा मेलंख्थॉनसारखा विद्वान, मूळ सिद्धांत वाचत असेल तर विधी पत्करावेत, या मताचा झाला. उलट त्याच पंथातील फ्लाशियसने गर्जना केली की, जेथे सक्ती आली तेथे कोणतीच गोष्ट मध्यम राहत नाही. 1577 च्या ऐक्यसूत्राने फ्लाशियसची बाजू उचलून धरली. म्हणजे एकच रिवाज स्वेच्छेने पाळल्यास निरुपद्रवी, आणि हुकमाने लादल्यास प्राण पणास लावून नाकारण्याजोगा. हा सिद्धांत उदात्त आहे. परंतु अमुक गोष्ट मध्यम कोटीतील आहे की नाही हे ठरविणार कोण, याचे उत्तर तो देत नाही.

हा वारसा कोरोमंडलच्या किनाऱ्यावर उतरला तो 9 जुलै 1706 रोजी. तरंगंबाडीची जागा डॅनिश कंपनीस 1620 साली तंजावरच्या नायकाकडून मिळाली होती. पुढे एकोजीराजांनी तंजावर घेतल्यावर तिची वार्षिक पेशकश मराठ्यांच्या खजिन्यात जमा होऊ लागली. डेन्मार्कच्या चौथ्या फ्रेडरिक राजाने धाडलेले त्सीगनबाल्ग आणि प्ल्युट्शाव हे दोन तरुण जर्मन पाळक तेथे आले तेव्हा तंजावरच्या गादीवर शहाजीराजे होते, जे स्वतः नाटककार होते आणि ज्यांच्या दरबारी मराठी, तेलुगू, तमिळ आणि संस्कृत या चारही भाषांची वर्दळ होती. त्सीगनबाल्ग हाल्लेच्या भक्तिप्रवण पंथात वाढलेला. त्याने तमिळचा कसून अभ्यास केला, तमिळ नवा करार छापविला आणि जर्मन गीतांची तमिळ रूपांतरे जर्मन चालींवरच बसविली. ही गीते ‘ज्ञानप्पाट्टु’ या नावाने रूढ झाली. तमिळ शब्दास जर्मन चाल लावली म्हणजे अक्षरांचे ऱ्हस्वदीर्घ मोडते, यमक नको तेथे पडते आणि ऐकणाऱ्याच्या कानास ठेच लागते. तरीही शंभर वर्षे मंडळी ती गीते प्रेमाने गात राहिली, कारण त्यांच्या आजोबांनी ती गाइली होती.

जातीचा प्रश्न या मंडळीत पहिल्या पिढीपासूनच होता. वेल्लाळ आदी वरच्या मानलेल्या जातींचे ख्रिस्ती देवळात एका बाजूस बसत, अस्पृश्य मानलेले परैय दुसऱ्या बाजूस; आणि प्रभुभोजनाच्या वेळी आधी हे, मागून ते. या व्यवस्थेची किंमत कोणी मोजली हे राजनायकनच्या चरित्रावरून कळते. तो परैय कुळातील, तंजावरच्या मराठी फौजेतील शिपाई. छापील शुभवर्तमान वाचून तो लूथरपंथी झाला आणि मराठी मुलखात, जेथे गोऱ्या पाळकांस सहज प्रवेश नव्हता, तेथे वर्षानुवर्षे उपदेशकाचे काम करून त्याने मंडळ्या उभ्या केल्या. 1733 मध्ये आरोन हा पहिला तमिळ पाळक दीक्षित झाला. दुसऱ्याची वेळ आली तेव्हा योग्यतेने राजनायकन पुढे होता. परंतु त्याच्या हातून प्रभुभोजन घेण्यास वरच्या जातींचे लोक तयार होणार नाहीत या विचाराने 1741 मध्ये दियोगो या दुसऱ्या उपदेशकास दीक्षा देण्यात आली. ज्याने पेरले त्यास मेजावर हात ठेवू दिला नाही. पाळक कमी, म्हणून विधी विरळ. आणि योग्य पुरुष असूनही पाळक कमी, कारण त्याचा जन्म. प्रभुभोजन किती वेळा, या प्रश्नाचे एक उत्तर धर्मशास्त्राच्या ग्रंथांत आहे आणि दुसरे या 1741 च्या निर्णयात आहे, आणि माझ्या मते दुसऱ्याचे वजन अधिक आहे.

यानंतर रंगभूमीवर श्वार्ट्झ येतो. क्रिस्टियन फ्रीडरिश श्वार्ट्झ 1750 मध्ये तरंगंबाडीस आला, पुढे त्रिचनापल्लीस गेला, आणि 1778 पासून तंजावरास राहिला. दरबारात वावरता यावे म्हणून तो मराठी शिकला. 1779 मध्ये इंग्रजांनी त्यास हैदरअलीकडे श्रीरंगपट्टणास वकिलीस धाडले, कारण हैदरचा विश्वास असेल असा दुसरा गोरा मनुष्य त्यांस सापडेना. आणि त्याच साली शिवगंगा तलावाजवळ त्याचे देऊळ उभे राहिले. तंजावरच्या तुळजाराजांनी 1787 च्या आरंभी सुमारे दहा वर्षांच्या सरफोजीस दत्तक घेतले आणि मृत्यू समोर दिसू लागताच त्याचा हात या परदेशी पाळकाच्या हाती दिला. तुळजाराजांचे बंधू अमरसिंह यांनी गादी बळकावल्यावर मुलाचे शिक्षण खुंटले, तेव्हा श्वार्ट्झने इंग्रज कंपनीकडे अर्जांवर अर्ज करून त्यास मद्रासला हलविले, त्याच्या विद्येची तजवीज केली आणि त्याच्या हक्कासाठी अखेरपर्यंत भांडला. 1798 च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारला आणि त्याच वर्षी सरफोजीराजे मसनदीवर बसले. पुढल्याच वर्षीच्या तहनाम्याने राज्य कंपनीच्या घशात गेले आणि राजांकडे किल्ला, तनखा आणि विद्येचा व्यासंग एवढेच उरले. राजांनी धर्म बदलला नाही. परंतु गुरूच्या स्मरणार्थ लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून ते तंजावरच्या ख्रिस्ती देवळात बसविले, आणि गुरूच्या थडग्यावरील इंग्रजी ओळी स्वतः रचल्या.

श्वार्ट्झच्या छायेत वाढलेला दुसरा मुलगा वेदनायगम. त्यांचा जन्म 1774 चा, म्हणजे ते राजांहून सुमारे तीन वर्षांनी वडील; घराणे तिरुनेलवेलीकडील वेल्लाळांचे. श्वार्ट्झने त्यांस लहानपणीच तंजावरास आणले, तरंगंबाडीस धर्मशास्त्र शिकविले आणि विशीच्या आत तंजावरच्या शाळेचे मुख्यपद दिले. वेदनायगम शास्त्री म्हणून पुढे प्रसिद्धीस आलेल्या या कवीने तमिळ ख्रिस्ती भक्तीस तिचा स्वतःचा आवाज दिला. देशी रागांत बांधलेल्या कीर्तनांनी आणि पदांनी त्यांनी जर्मन चालींच्या शेजारी एक नवे दालन उघडले. त्यांच्या ‘बेथलहेम कुरवंजी’त दक्षिणेकडील भटक्या भविष्यवादिनीचा लोकप्रिय नाट्यप्रकार घेऊन जिवाची ख्रिस्ताविषयीची ओढ वर्णिलेली आहे, आणि तिच्यात सूर्याभोवती पृथ्वी फिरते हे नवे ज्योतिष आणि खंडांचा भूगोलही गुंफलेला आहे. त्याच सुमारास, त्याच शहरात, सरफोजीराजांनी मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ रचली, आणि तिच्यातही भविष्यवादिनी जगाचा भूगोल सांगते. एकाच गुरूच्या दोन शिष्यांनी, एकाने तमिळमध्ये ख्रिस्तासाठी आणि दुसऱ्याने मराठीत आपल्या रंगशाळेसाठी, एकाच साच्यात नवी विद्या ओतावी, असा योग वाङ्मयाच्या इतिहासात क्वचित येतो. ज्या राजांच्या छापखान्यात 1806 मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ देवनागरी टंकात छापली गेली, त्यांच्या दरबाराचा वारा शास्त्र्यांच्या ख्रिस्ती पदांनाही लागलेला होता. समर्थसंप्रदायाच्या मठांतून आलेले मराठी कीर्तन तंजावरात रुजून पुढे तमिळ हरिकथेस जन्म देते झाले. शास्त्री आपल्या कुटुंबीयांसह गाऊन, वाजवून, निरूपण करून जी ख्रिस्ती कथा सांगत, ती या वातावरणातच फुलली.

1825 च्या सुमारास तंजावरच्या मिशनचा कारभार एका इंग्लिश संस्थेकडून दुसऱ्या, अधिक कर्मठ अँग्लिकन संस्थेकडे गेला. जुने पाळक जर्मन लूथरपंथी असून इंग्लिश पैशावर जगत आणि दोन्हींचा मेळ घालीत; तरंगंबाडीत जन्मलेला वृद्ध कोलहॉफ हा त्या जुन्या पिढीचा शेवटचा मोठा माणूस. आता आलेले लोक निराळे होते. तंजावरास हाउब्रो हा डॅनिश पाळक आला. तिरुनेलवेलीस ऱ्हेनियस हा प्रशियन पाळक काम करीत होता आणि फाब्रिसियसचे जुने तमिळ बायबल बाजूस सारून नवे भाषांतर सिद्ध करीत होता. हे नवे पुरुषही मूळचे लूथरपंथीच. तेव्हा हा झगडा घरातलाच होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्यांनी फर्मावले की देवळात जातवार बसणे बंद व्हावे, प्रभुभोजनास सर्वांनी सरमिसळ यावे, सणसमारंभात फुलांची आरास व माळा नसाव्यात आणि उपासनेत शास्त्र्यांची तमिळ पदे गाऊ नयेत.

शास्त्र्यांनी लेखणी उचलली. 1829 च्या सुमारास त्यांनी आणि त्यांच्या पक्षाच्या मंडळीने जी प्रकरणे लिहिली त्यांत चार गाऱ्हाणी पुनःपुन्हा येतात: पवित्र ग्रंथाची भाषा बदलली, जाती एकत्र केल्या, फुले काढली, गाणे काढले. मद्रासच्या वरिष्ठांकडे फिर्यादी गेल्या. शास्त्र्यांस मिशनची चाकरी गमवावी लागली आणि सरफोजीराजांनी आपल्या बालमित्रास दरबारी आश्रय दिला. ख्रिस्ती पाळकांनी दूर केलेल्या ख्रिस्ती कवीस शिवभक्त मराठा राजाने पोसावे, ही गोष्ट राजांच्या थोरवीची साक्ष आहे, आणि ती आपल्या इतिहासात ठळक अक्षरांनी लिहिली जावी.

परंतु त्या चार गाऱ्हाण्यांची एकच मोळी बांधणे ही शास्त्र्यांची मोठी चूक होती, हे आदराने पण निःसंदिग्धपणे म्हटले पाहिजे. गाण्याच्या आणि फुलांच्या बाबतीत न्याय सर्वस्वी त्यांच्या बाजूस होता. लूथरने जर्मनांस जे दिले तेच ते तमिळांस देऊ पाहत होते. देशी रागात देवाचे नाव घेणे हे जर पाप असेल तर विटेनबर्गच्या गीतपुस्तकांनाही पाप म्हणावे लागेल. आणि फुलांची माळ ही मध्यम कोटीतील वस्तू नसेल तर कोणतीच नसेल. सक्तीने ती हिरावणाऱ्यास विरोध करण्यात त्यांनी फ्लाशियसचाच धडा गिरविला. मात्र त्याच श्वासात त्यांनी देवळातील बसण्याची आणि प्याल्याची जातवार रीतही मध्यम कोटीत घातली. त्या पक्षाचे म्हणणे असे की, जात ही लौकिक प्रतिष्ठेची बाब आहे, श्रद्धेची नव्हे. युरोपातही सरदार आणि कुणबी देवळात एका बाकावर बसत नाहीत. आणि शंभर वर्षे पूज्य गुरूंनी जे चालू दिले ते आज पाप कसे ठरते? हा शेवटचा प्रश्न गुरूंना अडचणीत टाकणारा आहे, यात संशय नाही. परंतु ज्या मेजाचे सारे प्रयोजनच एका भाकरीत आणि एका पात्रात सहभागी होणे हे आहे, तेथे बांधवाच्या ओठांचा विटाळ मानणे ही विधीच्या सजावटीतील बाब नव्हे. ते विधीच्या गाभ्यास नाकारणे आहे. वेल्लाळांच्या बाजूने पुस्तिका लिहिल्या गेल्या, अर्ज लिहिले गेले, ते वाचून आपण आज त्यांचा पक्ष समजू शकतो. जे मागे थांबून आपल्या पाळीची वाट पाहत होते त्या परैय बांधवांचा पक्ष कोणी छापला नाही. राजनायकनचे चरित्र हीच त्यांची फिर्याद समजावी लागते.

मिशनरी पक्षाचा दोष याहून निराळा होता. त्यांनी न्याय्य गोष्ट आणि अन्याय्य गोष्ट एकाच हुकुमात घातली. परैय बांधवास मेजावर समान स्थान देण्यासाठी तमिळ पद बंद करण्याची गरज नव्हती. उलट ते पद सर्वांच्या मुखी घातले असते तर ज्या कामी हुकूम अपुरा पडला त्या कामी गीत उपयोगी पडले असते. त्यांना जातही परकी वाटत होती आणि रागदारीही. दोहोंतला भेद ओळखण्याइतका या देशाचा परिचय त्यांनी करून घेतला नाही.

त्यापूर्वीच, 1826 च्या पुनरुत्थानदिनी, कलकत्त्याचा बिशप हेबर तंजावरास आला. त्याने श्वार्ट्झच्या देवळात उपदेश केला, सरफोजीराजांची भेट घेतली आणि त्यांच्या विद्वत्तेने तो चकित झाला. जातीच्या प्रश्नावर त्याचा कल सबुरीकडे होता. परंतु काही निश्चित करण्यापूर्वीच, 3 एप्रिल रोजी, त्रिचनापल्लीस त्यास मृत्यूने गाठले. 1832 मध्ये सरफोजीराजे वारले. पुढील वर्षी हेबरच्या पदावर पुढे आलेल्या बिशप विल्सनचा जाहीरनामा निघाला: ख्रिस्ती मंडळीतील जातिभेद निश्चयाने, तत्काळ आणि कायमचा सोडला पाहिजे. तंजावर आणि मद्रासच्या वेपेरी येथील देवळांत तो वाचला गेला आणि मंडळ्या फुटल्या. शेकडो लोक देवळाबाहेर पडले. 1835 मध्ये विल्सन स्वतः तंजावरास आला, त्याने समजूत घातली, काही परतले, पुष्कळ परतले नाहीत.

जे परतले नाहीत त्यांतील बहुतांस पुढे लाइपझिगच्या लूथरपंथी मिशनने आपलेसे केले. 1840 नंतर या मिशनने तरंगंबाडीचा जुना वारसा हाती घेतला, फाब्रिसियसचे बायबल आणि जुनी गीते जपली, आणि त्याचा संचालक कार्ल ग्राउल, जो स्वतः तमिळचा मोठा पंडित होता, त्याने जात ही हळूहळू विरघळू द्यावी, तिच्यावर घाव घालू नये, असे धोरण मांडले. 1850 च्या मद्रास परिषदेत इतर बहुतेक मिशनांनी एकत्र भोजन हीच ख्रिस्तीपणाची कसोटी ठरविली, तेव्हा लाइपझिगवाले एकटे पडले. आणि त्यांच्यातही एकमत राहिले नाही, कारण ओक्स नावाचा त्यांचा पाळक याच मुद्द्यावर बाहेर पडून डॅनिश मिशनला मिळाला. गाणे ज्यांनी वाचविले त्यांनी पंक्तिभेदही वाचविला, आणि पंक्तिभेदावर ज्यांनी घाव घातला त्यांनी गाणेही तोडले, असा हा एकोणिसाव्या शतकाचा हिशेब आहे. शास्त्री हे सारे पाहत 1864 पर्यंत जगले. त्यांची पदे आज दक्षिणेतील सर्व पंथांच्या देवळांत गाइली जातात.

गाणे आणि पंक्तिभेद या दोहोंची फारकत करता येते, हे आपल्याच मुलखाने दाखविले. अहमदनगरच्या बाजूस मिशनच्या मंडळ्यांत महार आणि मांग समाजांतील माणसे बहुसंख्येने होती. इंग्रजी चालींवर बसविलेली गीते तेथेही रूढ होती. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक यांनी या मंडळ्यांस अभंग दिला, भजन दिले, कीर्तन दिले. आणि एका चित्पावन कवीची पदे पूर्वाश्रमीच्या अस्पृश्यांच्या कंठांतून एकाच टाळाच्या ठेक्यावर उठू लागली. 1917 मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या भक्तांच्या बंधुत्वासाठी. टिळकांचा पंथ लूथरचा नव्हता. परंतु शास्त्र्यांनी जेथे दोन प्रश्नांची गाठ मारली होती तेथे टिळकांनी ती सोडविली. अर्थात टिळक पाऊण शतकानंतर आले आणि ज्ञानोबा-तुकोबांची, चोखोबांची वाट त्यांच्या पायांखाली आधीच तुडविलेली होती, हे शास्त्र्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

तेलुगू मुलखात लूथरपंथाचा इतिहास निराळ्या वाटेने गेला. 1842 मध्ये गुंटूरला आलेला हायर हा अमेरिकन लूथरपंथीयांचा पाळक. त्याच्या मागील अमेरिकन मंडळी तेव्हा पुनरुज्जीवनाच्या सभांकडे, उत्स्फूर्त प्रार्थनेकडे आणि मोकळ्या उपासनेकडे झुकलेली होती. तिच्यातून 1867 मध्ये फुटलेल्या जुन्या वळणाच्या पक्षाने नियमबद्ध विधीचा आग्रह धरला, आणि राजमहेंद्रीचे मिशन त्याच्या वाट्यास आले. अमेरिकेतील भांडणाची सीमारेषा अशा रीतीने आंध्राच्या नकाशावर उमटली. 1918 मध्ये तिकडे ते पक्ष एक झाले आणि 1927 मध्ये आंध्र इव्हँजेलिकल लूथरन मंडळी उभी राहिली. ही मंडळी बव्हंशी माला आणि मादिगा समाजांतील गोरगरिबांची. तिच्यात वेल्लाळांसारखी वरची ओळ नव्हती, तरी माला आणि मादिगा या दोहोंमधील अंतर मेजापर्यंत येऊन पोहोचतच असे. प्रभुभोजन वारंवार व्हावे की न व्हावे याचा निर्णय तेथे खेड्यापाड्यांस पाळक केव्हा पोहोचतो यावर अवलंबून होता; अनेक गावांस मिळून एक दीक्षित पाळक, त्यामुळे त्याची फेरी होईल तो सण.

27 सप्टेंबर 1947 रोजी मद्रासला अँग्लिकन, मेथडिस्ट आणि इतर मंडळ्या एकत्र होऊन चर्च ऑफ साउथ इंडिया ही संयुक्त मंडळी जन्मास आली, आणि निजामाच्या राज्यातील मेदक व दोर्नकल हे धर्मप्रांत तिच्यात सामील झाले. लूथरपंथी बाहेर राहिले. वाटाघाटी वर्षानुवर्षे चालल्या, प्रभुभोजनाविषयीच्या मतांत अंतर पुष्कळ कमी झाले, तरी मंडळ्या एक झाल्या नाहीत. त्या संयुक्त मंडळीने 1950 मध्ये जी प्रभुभोजनाची पद्धती तयार केली तिच्यात एक विधी आहे: पाळक आपले तळहात शेजाऱ्याच्या तळहातांत देतो, तो पुढच्याच्या, आणि असा शांतीचा स्पर्श हातोहात शेवटच्या माणसापर्यंत जातो. ज्या देशात स्पर्शावरून मंडळ्या फुटल्या, त्या देशात हा विधी योजणाऱ्यांनी तंजावरचा इतिहास नीट वाचलेला असावा असे मला वाटते. हैदराबादच्या देवळांतही तो रुजला आहे.

तंजावर प्रकरणाची इंग्रजी, जर्मन आणि तमिळ बाजू विद्वानांनी पुष्कळ तपासली आहे. मराठी बाजू तशीच पडून आहे. सरस्वतीमहालाच्या मोडी दप्तरात राजांच्या खासगी कारभाराचे असंख्य रुमाल आहेत. दरबाराने कोणास काय नेमणूक केली, कोणत्या अर्जावर काय शेरा मारला, हे मराठीतच लिहिले जात असे. वेदनायगम शास्त्र्यांस राजाश्रय मिळाला त्याचे कागद असले तर ते तेथे असतील, आणि ते मराठी वाचकाशिवाय दुसऱ्या कोणास सहज उलगडणार नाहीत. हैदराबादेत निजामी दप्तरांमुळे मोडी वाचणारे जाणकार अद्याप आहेत. त्यांच्यापैकी कोणी तरुण अभ्यासकाने नामपल्लीहून दक्षिणेची गाडी पकडावी, त्या रुमालांपुढे सहा महिने बसावे आणि सरफोजीराजांच्या बालमित्राचा हा खटला मराठी दप्तराच्या साक्षीने पुरा करावा, अशी माझी विनंती आहे.